न केलेल्या प्रयोगाचा भूतकाळ

मराठीत 'प्रयोग' हा शब्द तीन घरी नांदतो : व्याकरणात, रंगभूमीवर आणि प्रयोगशाळेत. पहिल्या घराची किल्ली आपल्याकडे आहे असे आम्ही मराठीचे अध्यापक समजतो, दुसऱ्या घरी पाहुणे म्हणून जातो आणि तिसऱ्याच्या दारावरून मान खाली घालून पुढे सरकतो. विज्ञान शाखेच्या वर्गाला मराठी शिकवताना ही मान अधिकच खाली जाते. कर्तरी, कर्मणी, भावे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ अशी मांडणी फळ्यावर चालू असताना मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतेच, की क्रियापदाचा काळ चुकला तर नेमके कुणाचे काय बिघडते? 'गुण जातात' हे आमचे पिढीजात उत्तर. ते खरे आहे. पुरेसे नाही, हे आम्हांलाही ठाऊक असते.

अलीकडे आम्ही निराळे उत्तर देऊ लागलो आहोत. अमेरिकेत क्रियापदाच्या भूतकाळावरून एका मातबर कंपनीचे पेटंट न्यायालयात अडचणीत आले आणि अखेर बुडाले. इतरही कारणे होती, त्यांचा उल्लेख पुढे येईल. पण न्यायमूर्तींनी ज्या वाक्यांवर बोट ठेवले त्यांतला एक मोठा दोष निव्वळ व्याकरणाचा होता, आणि व्याकरणाचा होता म्हणूनच तो नैतिक होता. हे पेटंट होते उष्णतेत टिकून राहणाऱ्या आणि डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एका एन्झाइमचे. २०२० साली ज्या आरटीपीसीआर चाचणीचे नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात पोहोचले, ती चाचणी या एन्झाइमवाचून किंवा त्याच्या कुळातल्या एखाद्या भावंडावाचून होत नाही.

विज्ञानाचे गद्य म्हणजे पारदर्शक काच, त्यात वाचण्यासारखे काही नसते, त्यातून फक्त पलीकडचे पाहायचे असते, अशी आपल्या मराठी विभागांत एक सोयीस्कर समजूत आहे. ती आम्हांला मान्य नाही. या एन्झाइमच्या इतिहासातले तीन दस्तऐवज शेजारी शेजारी ठेवून केवळ त्यांची क्रियापदे वाचली तरी ही समजूत टिकत नाही.

पहिला दस्तऐवज १९७१ सालचा. तो ज्यांच्या प्रयोगशाळेतून आला ते हरगोविंद खुराना हे मूळचे रसायनशास्त्राचे. मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर नावाच्या खेड्यात १९२२ साली जन्म, लाहोरला शिक्षण, १९४८ साली लिव्हरपूलची पीएच.डी., मग झुरिच. १९४९ साली ते भारतात परतले, पण नोकरी मिळाली नाही. तेव्हा केंब्रिज, व्हँकुव्हर आणि १९६० साली विस्कॉन्सिन. जनुकीय संकेताची उकल करण्यातल्या वाट्याबद्दल १९६८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते वैद्यकशास्त्राचे; पण त्यांचे हत्यार अखेरपर्यंत रसायनाचेच होते. डीएनएचे तुकडे एकेक कडी जोडत हाताने बांधायचे, हे त्यांचे काम. ते किती जिकिरीचे असेल याची कल्पना आम्हां भाषेच्या लोकांना यावी म्हणून सांगायचे, तर एखादी संहिता खिळा खिळा जुळवून छापावी आणि प्रत्येक खिळ्यानंतर शाई धुऊन पुन्हा लावावी, असे ते होते. १९७० साली, एमआयटीत जाण्याच्या सुमारास, त्यांच्या गटाने एक संपूर्ण जनुक असे बांधून दाखवले.

इतक्या कष्टाने बांधलेल्या गोष्टीच्या प्रती काढता आल्या तर? हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. १९७१ साली 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त केल नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाच्या, म्हणजे केल क्लेप्प यांच्या, पहिल्या नावाने आणि खुरानांच्या शेवटच्या नावाने एक शोधनिबंध आला. प्रत्यक्ष केलेल्या कामाचे वर्णन संपल्यावर, अखेरच्या भागात, लेखकांनी पुढचा मार्ग सुचवला. त्याचा आशय मराठीत उतरवायचा तर असा होतो : डीएनएचे दोन धागे उष्णतेने विलग करावेत, नंतर थंड होऊ द्यावे, म्हणजे प्रत्येक धाग्याला सुरुवातीचा छोटा तुकडा जाऊन चिकटावा, मग पॉलिमरेझ एन्झाइम घालावे, एकाच्या जागी दोन प्रती मिळाव्यात, आणि हे चक्र पुन्हा पुन्हा करता यावे, मात्र प्रत्येक फेरीला ताजे एन्झाइम घालावे लागेल.

पीसीआरची ओळख असलेला वाचक इथे दचकेल. पुढे १९८३ साली सापडलेली आणि १९९३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलपर्यंत पोहोचलेली कल्पना ती हीच, बारा वर्षे आधी. पण आमचे लक्ष कल्पनेइतकेच क्रियापदांकडे आहे. मूळ इंग्रजीतही हा परिच्छेद 'असे करता येईल', 'असे व्हावे', 'अशी आशा आहे' या वळणाच्या क्रियापदांनी भरलेला आहे. मराठीत आणताना तो आपोआप विध्यर्थात गेला. आम्हांला मुद्दाम काही करावे लागले नाही. विध्यर्थ हा मराठीचा मोठा विलक्षण ऐवज आहे. 'कढईत तेल तापवावे' यात सूचना आहे, 'पाऊस पडावा' यात इच्छा आहे, 'आता तो पोहोचला असावा' यात तर्क आहे, आणि तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : क्रिया घडल्याची साक्ष बोलणारा देत नाही. क्लेप्प आणि खुराना यांनी नेमके हेच केले. जे केले ते भूतकाळात लिहिले, जे करायचे होते ते विध्यर्थात लिहिले, आणि दोहोंमधली रेषा वाचकाला स्पष्ट दिसेल अशी ठेवली.

ते काम त्यांनी पुढे तडीस नेले नाही. त्या काळी डीएनएची अक्षरमाला वाचणे दुरापास्त होते, सुरुवातीचे तुकडे तयार करणे खर्चिक होते, आणि थोड्याच वर्षांत जीवाणूंकडून प्रती काढून घेण्याचा दुसरा मार्ग सापडला. शिवाय त्या शेवटच्या अटीत, म्हणजे दर फेरीला ताजे एन्झाइम घालण्यात, एक अडचण होतीच. नेहमीचे पॉलिमरेझ आतड्यातल्या जीवाणूपासून काढलेले. ते शरीराच्या तापमानाला रमणारे. डीएनएचे धागे सोडवायला नव्वदच्या पुढचे तापमान लागते, आणि त्यात ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे थिजून जाते.

दुसरा दस्तऐवज १९७६ सालचा. त्याची पूर्वपीठिका अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथल्या उकळत्या झऱ्यांच्या काठी थॉमस ब्रॉक नावाचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ काही वर्षे हिंडत होता. १९६६ साली मशरूम स्प्रिंग नावाच्या झऱ्यातून हडसन फ्रीझ या पदवीच्या विद्यार्थ्यासह त्याने एक जीवाणू मिळवला, जो सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास सुखाने वाढत होता. १९६९ साली त्याला नाव मिळाले थर्मस अक्वॅटिकस, आणि त्याचे वाण सार्वजनिक संग्रहात ठेवले गेले, कुणीही मागून न्यावे म्हणून. सात वर्षांनी सिनसिनाटी विद्यापीठातल्या अ‍ॅलिस चिएन या विद्यार्थिनीने, डेव्हिड एडगर आणि प्राध्यापक जॉन ट्रेला यांच्यासह, या जीवाणूतले पॉलिमरेझ वेगळे काढले आणि ते ऐंशी अंशांना सर्वाधिक जोमाने काम करते असे नोंदवले. १९८० साली सोव्हिएत रशियातल्या कालेदिन आणि सहकाऱ्यांनीही तसेच काम प्रसिद्ध केले.

चिएन यांचा निबंध आम्ही वर्गात दाखवतो तेव्हा विद्यार्थ्यांची निराशा होते. इतका कोरडा! वाढवले, गाळले, तापवले, मोजले. सगळी क्रियापदे भूतकाळी, सगळे कर्ते अदृश्य. त्यात कुठे भविष्याची चाहूल नाही, उपयोगाची बढाई नाही. पण हा कोरडेपणा कमावलेला आहे. प्रत्येक 'ले'च्या मागे कुणीतरी रात्री जागलेले आहे. आम्हांला तो निबंध या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर मजकूर वाटतो, हे मत वादग्रस्त असेल तर असो.

येथे एक व्याकरणाचे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की कर्त्याशी त्याचे नाते सुटते आणि ते कर्माच्या लिंगवचनाने चालू लागते. 'मी द्रावण तापवले', 'तिने द्रावण तापवले', 'त्यांनी द्रावण तापवले' : क्रियापद तेच. म्हणून 'द्रावण तापवले' एवढेच लिहिले, तरी मराठी वाक्याला काही खुपत नाही. कर्ता निघून गेल्याची खूणही राहत नाही. इंग्रजीला त्यासाठी वाक्य उलटे करावे लागते, आपल्याला नुसते गप्प राहिले तरी पुरते. मोरो केशव दामले यांच्यापासून आजपर्यंत या प्रयोगाला नेमके काय म्हणावे यावर व्याकरणकारांनी पुष्कळ शाई वेचली आहे. पण 'तापवले' असे म्हणताना कुणीतरी तापवल्याची हमी आपण देत असतो, आणि ती हमी देणारा मात्र वाक्यात कुठेच सापडत नाही, या गोष्टीकडे आम्ही अध्यापकांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

यापुढची कथा पैशाची आहे, म्हणून ती सर्वांना माहीत असते. कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मलिस यांना १९८३ साली रात्री मोटार चालवताना प्रती काढण्याच्या साखळीची कल्पना सुचली. दर फेरीला दुप्पट. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक. ती खुरानांच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या परिच्छेदाची आठवण नव्हती, स्वतंत्र स्फुरण होते असेच ते सांगत आले. आणि ते सांगण्याची त्यांची हातोटी कादंबरीकाराची होती. सुरुवातीला तिथेही दर फेरीला ताजे एन्झाइम घालावे लागे. मग कंपनीतल्या डेव्हिड गेलफँड, सुझॅन स्टॉफेल आदींनी यलोस्टोनच्या जीवाणूकडे मोहरा वळवला आणि टॅक पॉलिमरेझ शुद्ध स्वरूपात हाती आले. १९८८ साली 'सायन्स'मध्ये त्याचा वापर प्रसिद्ध झाला. १९८९ साली याच नियतकालिकाने त्याला वर्षातला सर्वश्रेष्ठ रेणू ठरवले. मलिस यांना कंपनीने १० हजार डॉलरचे बक्षीस दिले. १९९१ साली पीसीआरचे हक्क हॉफमन-ला रोश या कंपनीने ३० कोटी डॉलरला घेतले. यलोस्टोनला यातले काही मिळाले नाही.

त्याच १९९१ साली ड्यूपाँ कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात १९७१चा तो परिच्छेद पुढे केला. कल्पना जुनी आहे, सबब पीसीआरची पेटंटे रद्द व्हावीत, असे त्यांचे म्हणणे. ज्युरीने ते मानले नाही. पेटंटे वैध ठरली. कायद्याच्या दृष्टीने त्यात बरेच बारकावे असतील, पण एका अर्थी खुरानांच्या विध्यर्थाला न्यायालयाने विध्यर्थच मानले : 'व्हावे' म्हणजे 'झाले' नव्हे. प्रामाणिक क्रियापदाची ही शिक्षा म्हणावी काय, असे आम्हांला पूर्वी वाटत असे. आता तसे वाटत नाही. पण त्यासाठी तिसरा दस्तऐवज वाचावा लागतो.

तो म्हणजे अमेरिकी पेटंट क्रमांक ४८,८९,८१८. अर्ज १९८७चा, मंजुरी २६ डिसेंबर १९८९ची. विषय : थर्मस अक्वॅटिकसचे शुद्ध केलेले पॉलिमरेझ. पेटंट कार्यालयापुढे साहजिकच प्रश्न आला, की चिएन आणि कालेदिन यांनी हे आधीच शुद्ध केले असताना यात नवे काय? अर्जदारांनी उत्तर दिले, की आमचे एन्झाइम वेगळे आहे. त्यांचे रेणुभार ६० हजारांच्या थोडे वर, आमचे ८६ ते ९० हजारांच्या दरम्यान. शिवाय गुणांतही सरस. आणि शुद्धीकरण कसे साधते हे दाखवण्यासाठी त्यांनी अर्जात उदाहरणे दिली. त्यांतले सहावे उदाहरण आमच्या कामाचे. त्यात पायऱ्यांमागून पायऱ्या आहेत, आणि त्या भूतकाळात आहेत.

रोश कंपनीने १९९२ साली विस्कॉन्सिनमधल्या प्रोमेगा या छोट्या कंपनीवर दावा ठोकला, तेव्हा हे सहावे उदाहरण न्यायालयात वाचले गेले. या दाव्याने भलतेच वळण घेतले होते. प्रोमेगाच्या मालाने पेटंटभंग करणारे म्हणून ४० हून अधिक अमेरिकी विद्यापीठे आणि २०० हून अधिक संशोधक यांची नावे रोशने न्यायालयात दिली, आणि वैज्ञानिक जगात संताप उसळला. प्रोमेगाच्या वकिलांनी मग मुळावरच घाव घातला. प्रयोगवह्या मागवल्या. तारखा जुळवल्या. आणि असे दिसून आले, की सहाव्या उदाहरणात वर्णन केलेली प्रक्रिया जशी लिहिली आहे तशी सलगपणे कुणीही केलेली नव्हती. तिचे काही भाग वेगवेगळ्या वेळी झाले होते. पण लिहिताना ते एका धाग्यात ओवले गेले, आणि धागा होता भूतकाळाचा.

न्यायमूर्ती वॉन वॉकर यांनी डिसेंबर १९९९ मध्ये निकाल दिला, की पेटंट कार्यालयाची हेतुपुरस्सर दिशाभूल झाली आहे. हे पेटंट अंमलात आणता येणार नाही. आधीच्या संशोधकांच्या एन्झाइमशी केलेल्या तुलनेतली काही विधानेही त्यांनी दोषी ठरवली. अपील झाले. मार्च २००३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांतले काही निष्कर्ष उचलून धरले, काही फेटाळले; पण सहाव्या उदाहरणाच्या बाबतीत ते ठाम राहिले. न केलेला प्रयोग पेटंटात देता येतो, कायदा त्याला मुभा देतो. तो केला असल्यासारखा भूतकाळात देता येत नाही. खालच्या न्यायालयाने फेरविचार केला आणि २००४ साली पुन्हा तोच निर्णय दिला.

न्यायमूर्ती पॉलीन न्यूमन यांनी २००३च्या निकालात आपले वेगळे मत नोंदवले. वैज्ञानिकांच्या जुन्या वह्या वर्षांनंतर वकिली भिंगाखाली धरल्या तर कुणाचेही काम संशयास्पद दिसेल, असा त्यांचा रोख होता. तो आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. ज्यांनी हे एन्झाइम सिद्ध केले त्यांचे काम खोटे नव्हते. ते आजही जगभरच्या प्रयोगशाळांत उकळत आहे. पायऱ्या एकत्र केल्या असत्या तर कदाचित तसेच फळ मिळाले असते. मग नुकसान कुणाचे झाले?

साहित्याचे अध्यापक म्हणून हा प्रश्न आम्हांला अधिक अवघड जातो, कारण न घडलेल्याचा भूतकाळ हा तर आमच्या विषयाचा पाया. 'एक होता राजा' या वाक्यावर कुणी फिर्याद करत नाही. कथनाचा भूतकाळ हा साक्षीचा नसतो, तो निमंत्रणाचा असतो. लेखक आणि वाचक यांच्यात आधीच ठरलेले असते. परंतु मराठी गद्याच्या आरंभालाच दुसराही एक भूतकाळ उभा आहे. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'साठी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ऐकणाऱ्या-पाहणाऱ्या माणसांकडे जाऊन. आणि परंपरेत मूळ पोथी हरवल्यावर जेव्हा स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करावी लागली, तेव्हा कुणाच्या स्मरणात काय वेगळे होते ते पाठभेद नावानिशी नोंदले गेले. 'गोसावी असे म्हणाले' एवढे सांगून भागत नव्हते. कुणी ऐकले, हेही सांगावे लागे. श्रद्धेच्या ग्रंथाने साक्षीची ही काटेकोर शिस्त पाळावी आणि विज्ञानाच्या दस्तऐवजाने ती सोडावी, यातला विरोधाभास सुखद नाही.

नुकसान कुणाचे, या प्रश्नाचे एक उत्तर २०१९ साली जॅनेट फ्रायलिख आणि लिसा वेलेट या दोन कायदेपंडितांनी 'सायन्स'मध्ये दिले. रसायन आणि जीवशास्त्राच्या अमेरिकी पेटंटांतील प्रयोगांपैकी किमान १७ टक्के प्रयोग कल्पित असतात, असे त्यांनी दाखवले. हे बेकायदा नव्हे. वर सांगितलेल्या मुभेतले. खूण एकच : ते वर्तमानकाळात लिहिलेले असतात. आता पाहा. अशा कल्पित प्रयोगांचा हवाला देणारे १०० वैज्ञानिक लेख त्यांनी तपासले, तर ९९ लेखांत तो प्रयोग कल्पित असल्याचे वाचकाला कळण्याची सोयच नव्हती. पेटंटातला वर्तमानकाळ हवाला देणाऱ्याच्या हातून सहज भूतकाळ झाला. जुलै २०२१ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाला पुन्हा स्मरणपत्र काढावे लागले, की न केलेले प्रयोग भूतकाळात लिहू नयेत. एका सरकारी कार्यालयाने क्रियापदाच्या काळावर परिपत्रक काढावे, यापरते आमच्या विषयाचे भाग्य ते काय!

चेष्टा सोडून सांगायचे तर, इथे खुरानांच्या विध्यर्थाचा आम्हांला पुन्हा विचार करावा लागला. १९९१ साली तो परिच्छेद न्यायालयात हरला हे खरे. पण तो आजही जसाच्या तसा वाचता येतो; त्यातले एकही क्रियापद मागे घ्यावे लागलेले नाही. त्यातली अटही किती नेमकी होती : दर फेरीला ताजे एन्झाइम लागेल. त्या अटीची दखल घेतली गेली असती, तर तिचे उत्तर पाच वर्षांत, १९७६ साली, सिनसिनाटीतल्या एका विद्यार्थिनीच्या निबंधात मिळत होते. हे दोन निबंध त्या वेळी कुणी शेजारी ठेवून वाचले नाहीत. खुराना नोव्हेंबर २०११ मध्ये वारले, मलिस ऑगस्ट २०१९ मध्ये, ब्रॉक एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे ज्या काळात त्याच्या जीवाणूचे एन्झाइम रोज लाखो नळ्यांत तापत होते त्या काळात.

या लेखात आम्ही इतरांच्या क्रियापदांची झडती घेतली; आता स्वतःची घेणे भाग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या गुणांकपद्धतीत संशोधन मोजले जाऊ लागले त्या काळात आम्ही दोघांनी मिळून एक लघुसंशोधन प्रकल्प केला होता. विषय ग्रामीण वाचनालयांतील वाचनाचा. अहवालात एक वाक्य आहे : 'प्रस्तुत प्रकल्पासाठी पंधरा वाचनालयांना प्रत्यक्ष भेटी दिल्या.' अकरांना दिल्या होत्या. उरलेल्या चारांपैकी तिघांशी दूरध्वनीवर बोललो आणि चौथ्याची माहिती एका माजी विद्यार्थ्याने सांगितली. ती माहिती चुकीची होती असे नव्हे. भेटी देण्याचे ठरले होते, तारखाही काढल्या होत्या, मग परीक्षांचे काम आले, मुदत संपली. वाक्य मात्र प्रस्तावातून उचलले होते. प्रस्तावात ते 'भेटी देण्यात येतील' असे होते; अहवाल लिहिताना आम्ही फक्त क्रियापद बदलले. कर्ता त्या वाक्यात आधीही नव्हता. अहवाल स्वीकारला गेला, आम्हां दोघांना गुण मिळाले. कुणी वही मागितली नाही. वही नव्हतीच.

ज्या विद्याशाखेला आपण शब्दांची शाखा म्हणवतो तिथे आपल्या प्रबंधांतली 'केले', 'तपासले', 'अभ्यासले' ही क्रियापदे कुणी तपासायची, यावर आपल्या चर्चासत्रांत आम्ही कधी निबंध ऐकलेला नाही. वाङ्मयचौर्य शोधण्याची संगणकप्रणाली आता सर्वत्र आली आहे. दुसऱ्याचे वाक्य ढापले तर ती पकडते. स्वतःचेच वाक्य न घडलेल्या गोष्टीविषयी असेल तर तिला काही कळत नाही. प्रयोगवहीसारखी काही नोंदवही आपल्याकडे असावी का? क्षेत्रकार्याची, तारीखवार, मार्गदर्शकाच्या सहीची? आमचे मत 'असावी' असे आहे. विध्यर्थात.

गेल्या वर्षी एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रबंध वाचताना आमच्याच अहवालाचा हवाला समोर आला. तिने लिहिले होते, की पूर्वीच्या एका पाहणीत पंधरा वाचनालयांचे प्रत्यक्ष निरीक्षण झाले असून त्यावरून पुढील निष्कर्ष निघतात. आम्ही तिला बोलावून घेतले आणि अकरा आणि चार यांचा हिशेब सांगितला. ती बराच वेळ दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, मॅडम, पण प्रबंध तर सादर झालाय."